हिरव्या बटणाचा स्वेटर

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आम्ही दोघं धडधाकट आहोत, काळजी नसावी. दोन रात्री आगगाडी, मग घाटातली बस. बसनं हाडं अशी खिळखिळी केली की काही विचारू नकोस. पण ह्यांची हौस! चाळीस वर्षं शिलाई मशीनसमोर एकच भिंत बघितली, आता जग बघत बघत परदेशी लेकीकडे जाणार म्हणे. शेवटचा टप्पा तेवढा विमानानं. छकुलीचे दिवस महिनाअखेरीस भरतात, त्याआधी पोचलो म्हणजे मिळवली. पहिल्या बाळंतपणाला आई हवीच गं.

घाटात एक गंमत झाली. मुक्कामाच्या घरची मालकीण आम्हाला पाहताच धावत आली आणि परत आलात का म्हणून गळ्यातच पडली. मागच्या आठवड्यात आम्ही इथं राहून गेलो म्हणे! तेव्हा विसरलेली शाल घडी घालून ठेवली होती, ती तिनं माझ्या खांद्यावर घातली आणि शेगडीजवळची उबदार खोली उघडून दिली. आम्ही ते नव्हेच, असं सांगणार होते. पण बाई इतकी आनंदली होती की जीभच उचलेना. हो म्हणून टाकलं. ह्यांनी मला असा चिमटा काढला!

खोलीतला पडदा त्या आधीच्या माणसानं शिवून दिलाय. ह्यांनी सवयीनं उलटून पाहिला आणि टाक्यांवरून बोट फिरवत बसले. हे डावखुरे, त्यामुळे ह्यांचा टाका उलट्या अंगाला कलतो, तुला माहीतच आहे. हाही तसाच. मी म्हटलं, जगात डावखुरा शिंपी काय एकच असतो?

तू विणून दिलेला स्वेटर मात्र तिथल्याच खुंटीला विसरले. शाल अंगावर होती ना, थंडी जाणवलीच नाही. रागावू नकोस, पत्र टाकून मागवते. पुढच्या मुक्कामाचा पत्ता मागं लिहिलाय.

तुझी,
धाकटी


९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

वाचून हसावं की कपाळ बडवावं कळेना. मागे एकदा परक्या लग्नात तुला नवरीची आत्या समजले, तर तू मुकाट्यानं आहेर घेतलास आणि फोटोतही उभी राहिलीस. अजून त्यांच्या भिंतीवर आत्या म्हणून लटकत असशील! आई म्हणायची ते काही खोटं नाही, भीड भिकेची बहीण. मी तर म्हणते आता माझीही बहीण.

ती शाल परत कर आणि माझा स्वेटर आण. सहावं निळं बटण मिळेना म्हणून खालचं हिरवं लावलंय, पण लोकर चांगल्यातली आहे. आणि पुढच्या ठिकाणी कुणी ओळख दाखवलीच, तर नाही म्हणायला शीक. दोनच अक्षरं आहेत, जिभेला फोड येत नाही. तुझ्या शिंपीमास्तरांना म्हणावं, चिमटे काढण्यापेक्षा स्वतः बोला. पण तेही तुझ्याच पंगतीतले.

छकुलीचं पत्र आलं होतं. पाय सुजलेत, आईची वाट बघतेय म्हणते. रमतगमत जाऊ नका.

तुझी,
ताई


१५ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू हसशील म्हणून लिहायचं नाही ठरवलं होतं, पण पोटात राहत नाही. इथंही तेच झालं. बोटीतून उतरलो तर खानावळवाल्यानं नेहमीच्या टेबलाशी बसवलं. ह्यांच्यासमोर बिनसाखरेचा चहा ठेवला, जसा हे पितात तसा. मी नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, तुझी शपथ. पण तोवर त्याची बायको आमची खुशाली विचारत शेजारी येऊन बसली होती. मग कसलं नाही म्हणतेस!

पहिल्या मालकिणीचं कार्ड आलं. स्वेटर तर दुसऱ्या दिवशी तुम्हीच परत येऊन घेऊन गेलात, असं लिहिलंय. आम्ही कुठून जाणार? तोवर घाट उतरून आम्ही नदीपाशी पोचलो होतो.

सरहद्दीच्या नाक्यावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्टावरचा फोटो कितीदा तरी पाहिला. फार बदललात, म्हणाला. मी मान डोलावली. वय झालं, बदलणारच. मात्र परवापासून ह्यांना डाव्या हातानं सुईत दोरा ओवता येत नाही. उजवा हात आपोआप पुढे येतो आणि हे त्याच्याकडे बघत राहतात. भीती वाटते गं ताई. बोटीवर काढलेला आमचा फोटो सोबत पाठवतेय.

तुझी,
धाकटी


२१ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नीट वाच. फोटो मिळाला. त्यातली माणसं कोण?

चष्मा पुसून पाहिलं, उन्हात नेऊन पाहिलं, शेजारणीलाही दाखवलं. बाईचं कपाळ मोठं आहे, हनुवटी निमुळती. तुझ्या हनुवटीखालची खूण, मशीनच्या स्टुलावरून पडलीस ती, कुठं दिसत नाही. तो माणूसही मास्तर नव्हे. अक्षर मात्र तुझंच. अक्षर तुझं नसतं, तर कुणीतरी चेष्टा करतंय म्हणून फाडून टाकलं असतं.

माझा जीव थाऱ्यावर नाही. अंगावरची ती शाल पहिली काढून फेक. कुणी काही दिलं तर घेऊ नकोस, कुणाला हो म्हणू नकोस, मधे कुठं थांबू नका. थेट छकुलीकडे जा. एकदा लेकीनं आई म्हणून हाक मारली की सगळं ठीक होईल. चेष्टा करत नाही मी आता.

तुझी,
ताई


३० मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

शाल नदीत टाकली. उपयोग झाला नाही.

विमानात आमच्या जागांवर एक जोडपं आधीच बसलेलं होतं. आमच्याच नावाची तिकिटं त्यांच्या हातात. विमानातली पोरगी इतकी गोंधळली, तिची मलाच दया आली. आम्ही मागं बसतो, म्हटलं. सबंध प्रवासभर मला त्या बाईची मान आणि खांदा तेवढा दिसत होता. अंगात तुझा स्वेटर. ती उठली तेव्हा खालचं हिरवं बटण पाहिलं मी.

उतरल्यावर आमच्या कागदांची तपासणी संपेचना. ती दोघं पुढं निघून गेली.

छकुलीनं दार उघडलं. ताई, किती गोड दिसत होती गं! कुशीत बाळ. मुलगी झालीय, अगदी आपल्या आईचं नाक. कोण हवंय, असं तिनं मला अदबीनं विचारलं. तिच्या खांद्यावरून आतलं दिसत होतं. मी खुर्चीत बसून लंगोट्यांच्या घड्या घालत होते. खुर्चीतल्या मी वर पाहिलं आणि हसले. माझंच हसू. छकुली इतकी सुखात होती, तिला कसं सांगू? माझ्या तोंडून निघालं, माफ करा, चुकून आलो.

समोरच्या गल्लीत खोली घेतलीय. खिडकीतून त्यांचं दार दिसतं. हे दिवसभर तिथंच बसतात. मी काय करू?

तुझी,
धाकटी


६ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

काय करू म्हणून विचारतेस? चुकून आलो म्हणायला लाज नाही वाटली? पोटची पोर आहे ती तुझी!

आता माझं ऐक. हे पत्र मिळताच ऊठ. दार वाजवू नकोस, बडव. गल्ली जमली तरी चालेल. मीच तुझी आई म्हणून घसा फाटेस्तोवर ओरड. स्टुलावरून पडल्याचं सांग, लग्नातल्या आत्याचं सांग. त्या बाईच्या झिंज्या धरून बाहेर काढायची वेळ आली तर काढ. आयुष्यभर घातलीस ती भीड घाल चुलीत. एकदाच, धाकटे. माझ्यासाठी एकदाच.

वाट पाहते.

तुझी,
ताई


१४ एप्रिल

ती. मावशीस,
सा. न. वि. वि.

आमच्याकडे सगळं छान आहे. बाळ टुणटुणीत, आई-बाबा केव्हाचे पोचलेत. बाबांनी डाव्या हातानं इतकी झबली शिवलीत की दुकान काढता येईल! तुझा स्वेटर आईच्या अंगावरून उतरत नाही. हिरव्या बटणाची आम्ही रोज थट्टा करतो.

आज लिहायचं कारण वेगळंच आहे. मागे एकदा चुकून आलो म्हणून परत गेलेली एक वयस्क बाई काल दारावर धक्के देत आली. सोबत एक गप्प म्हातारा. मीच तुझी आई, मीच तुझी आई, असं ती इतकं ओरडत होती की बाळ निळंकाळं होईपर्यंत रडलं. आपल्या घरातल्या गोष्टी तिला माहीत होत्या. हातात तुझं पत्र होतं. मावशी, तू कुणाला लिहितेस गं?

खरं सांगते, क्षणभर मी गडबडलेच होते. पण मग वाटलं, आईनं जन्मात कधी कुणावर आवाज चढवलाय का? दारात आलेल्याला नाही म्हणायचं तर तिच्या जिवावर येतं. ती बाई खरंच आई असती तर अशी ओरडली असती का, तूच सांग. मी सरळ दार लावून घेतलं. कडी आईनं घातली, मी सांगायच्या आत. ती बाई बराच वेळ पायरीवर बसून होती. समोरच्या गल्लीतली त्यांची खोली आज रिकामी दिसते.

महिनाभरानं आई-बाबा परत निघतील. आधी तुझ्याकडेच उतरायचं म्हणतात. स्वेटर घालूनच येईन, असं आईनं मुद्दाम कळवायला सांगितलंय. आणि दारात पाहशील तेव्हा ओळखशील ना, असं तिनं तुला दोनदा विचारायला सांगितलंय.

माया आहे तशीच ठेव.

तुझी,
छकुली