कोपरावरचे व्रण

आई,

यंदा मार्चमध्ये मी अमेरिकेत होतो. तुझी नात तिथे ॲरिझोनात नोकरीला असते. तू तिला पाहिलं नाहीस. तू गेलीस तेव्हा माझं लग्नही झालं नव्हतं. विमानतळाबाहेर आलो आणि मला आपली आटपाडीच दिसली. तसाच कोरडा वारा, तशीच उघडी माळरानं, निवडुंग तेवढे माणसाच्या दुप्पट उंचीचे. तुझी सून म्हणाली, "एवढ्या लांब येऊन हेच बघायचं होतं व्हय?"

त्या मुलखात मोठमोठ्या बेसबॉल संघांचा सराव चालतो. बेसबॉल म्हणजे मी शाळेत खेळायचो तो खेळ. तू त्याला शेवटपर्यंत 'ते चेंडू फेकायचं' म्हणायचीस. हंगाम सुरू व्हायच्या आधी हे पगारी खेळाडू आपापली थंड शहरं सोडून या उन्हात येतात, आणि लोक सुट्टी काढून त्यांना बघत या मैदानावरून त्या मैदानावर फिरतात. आपल्याकडे जत्रा जवळ आल्या की माणसं तालमीत पैलवान बघायला जातात, तसंच. जावई म्हणाले, "बाबा, तुम्ही खेळायचात ना? चला." मी नको म्हणत होतो. तरी गेलो.

फेकायला मला तू शिकवलंस. माळावर मेंढरं फिरत असायची आणि एखादी दुसऱ्याच्या रानाकडे वळली की तू बसल्या जागेवरून खडा उचलायचीस. खडा तिच्या तोंडापुढे हातभर अंतरावर पडायचा आणि मेंढी गुमान माघारी फिरायची. मी पहिल्यांदा मारलेला दगड मेंढीच्या पायाला लागला तेव्हा तू माझ्या पाठीत धपाटा घातलास. "आरं, तिच्या म्होरं पडाय पायजे. अंगावर न्हाई. मुकं जनावर हाय ते." मग तू मला एका बाभळीच्या खोडासमोर उभं केलंस आणि दिवसभर फेकायला लावलंस. संध्याकाळी दंड ठणकत होता, तर तूच गरम तेल लावलंस. पुढं शाळेत खेळाच्या सरांनी माझी फेक पाहिली आणि मला संघात घेतलं. सांगलीला सामना होता तेव्हा तू आलीस. मैदानाच्या कडेला पदर डोक्यावर ओढून उन्हात बसलीस. खेळातलं तुला काही कळत नव्हतं, पण मी चेंडू फेकला की तुझा उजवा खांदा जरासा हलायचा. मला लांबून दिसायचं ते.

राज्याच्या संघाची निवड होती त्या सकाळी माझं कोपर गेलं. आतून सुंभ तुटावा तसं काहीतरी झालं आणि चेंडू दोन पावलांवर पडला. तू मला मिरजेला डॉक्टरांकडे नेलंस. त्यांनी हात वाकवून पाहिला, विचारलं, "कधीपासून फेकतोस?" मी म्हणालो, "लहानपणापासून. माळावर दगड मारायचो." ते नुसतं "हं" म्हणाले. बाकी काही नाही. पण तू दाराशी उभी होतीस.

त्या दिवसानंतर तू खडा उचलला नाहीस. मेंढी वळली की तू स्वतः उठायचीस, काठी घेऊन पळायचीस, धापा टाकत परत यायचीस. गुडघे दुखायचे तुझे. मी चिडून म्हणायचो, "आये, बसल्या जागी मार की. पळतीस कशाला?" तू म्हणायचीस, "ऱ्हाऊ दे." एकदा मी समोर बसून तुला समजावलं की खेळात होतं असं, कुणालाही होतं. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "डाक्टर काय बोलला न्हाई. पर त्याचं त्वांड बघितलंय मी." शेवटच्या दुखण्यात तुला उठवत नव्हतं, तरी मी जवळ बसलो की तुझा हात माझ्या कोपरावर यायचा. चोळायला ताकद नव्हती. नुसता ठेवलेला असायचा.

तर त्या मैदानावर आम्ही तारेच्या कुंपणाला टेकून उभे होतो. पलीकडे पोरं ओळीनं चेंडू टाकत होती. ताडमाड, खाऊनपिऊन तयार झालेली, मागे प्रशिक्षक, डॉक्टर, पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरणारी माणसं. आणि एकाच्या कोपराच्या आतल्या अंगाला मला व्रण दिसला. लांबट, शिवलेला. मग दुसऱ्याच्या. मग आणखी एकाच्या. शेजारी एक म्हातारे गृहस्थ उभे होते, दरवर्षी येणारे. जावयांनी त्यांना माझ्यासाठी विचारलं. ते म्हणाले, "यांतल्या कितीतरी जणांचं कोपर उघडून शिवलेलं आहे. किती का जपेनात, हात जातो तेव्हा जातो." त्यांच्यासाठी ती रोजची गोष्ट होती. मी कुंपणाची तार धरून राहिलो. या पोरांनी माळावर कधी दगड मारला नव्हता, आई.

थोड्या वेळानं एक तरुण पोरगा फेकता फेकता थांबला. ओरडला नाही, खाली बसला नाही. आपल्या हाताकडे पाहत राहिला, आणि डॉक्टर त्याला खांद्याला धरून आत घेऊन गेले. बाकीचे फेकत राहिले. मला त्या क्षणी तू तिथे हवी होतीस. तुला बोलून काही पटत नसे. डोळ्यांनी पाहिलेलं तेवढंच पटायचं. त्या कुंपणापाशी तुला तासभर उभं केलं असतं तर तू घरी येऊन पुन्हा खडा उचलला असतास, असं वाटत राहिलं.

त्यानंतर मी रोज हट्टानं वेगवेगळ्या मैदानांवर गेलो. लेक कामावर जाताना आम्हाला सोडायची. तुझी सून एकदा म्हणाली, "अहो, तुम्ही खेळ बघताय का हात बघताय?" मी पुन्हा कुंपणाकडे वळलो. घराच्या ओढीनं परत आल्यावर मात्र कोरेगावात मन लागेना. नोकरीमुळं इथंच घर केलंय मी, पण मागच्या आठवड्यात आटपाडीला जाऊन आलो. कालव्याचं पाणी आलंय आता. आपली मेंढरं चरायची तिथं डाळिंबाच्या बागा आहेत, भोवती कुंपण आहे. आत जाता आलं नाही. बाहेर रस्त्यावर उभा राहून तुझ्याशी मनात बोललो, सगळं सांगितलं, व्रणांचं, त्या पोराचं. बरं वाटेल म्हणून सांगितलं. वाटलं नाही.

कारण एक गोष्ट तिथेही बोललो नाही. तुला मी ठासून सांगायचो की तुझ्यामुळं काही झालं नाही. तू जिवंत असतीस तर आजही तेच सांगितलं असतं. पण पावसाळी हवेत कोपर दुखायला लागलं की मलाही कधी कधी वाटतं, त्या दगडांनीच झालं असेल.