जेवणासह

६ एप्रिल २००३, रविवार

लॉजवाल्याचं पत्र आलं एकदाचं! जानेवारीपासून घरात नुसतं महाबळेश्वर, महाबळेश्वर चाललं होतं. खोली मिळतेय, ११ मेपासून सहा दिवस. पण पत्रात दोन दर आहेत आणि त्या दोन दरांनी माझ्या रविवारची वाट लावली. एक 'जेवणासह' – चहा-नाश्ता, दोन वेळचं जेवण. सगळे पैसे आधी भरायचे, खाल्लं नाही तर परत मिळणार नाहीत. दुसरा नुसत्या खोलीचा. मागे पत्र्याची शेड आहे म्हणे, तिथं आपापला स्टोव्ह लावून रांधायला परवानगी.

ह्यांच्या पाटबंधारे ऑफिसातून जी प्रवास सवलत मिळते ती एसटीच्या तिकिटांपुरती. पोटाचं ज्याचं त्यानं बघायचं.

हे कागद-पेन्सिल घेऊन बसले. आमच्या दहा वर्षांच्या आकांक्षाला एकच चिंता – नाश्त्याला ब्रेड-बटर असतं का? आत्याबाई स्वयंपाकघरातून लेकाला म्हणाल्या, "प्रेमा, इकत काहून जेवायचं रे? मी हाव ना. मी करून घालते समद्यायला."

ह्यांना वाटलं, विषय संपला. मला नाही वाटलं.

९ एप्रिल

ह्यांच्या ऑफिसातले किसनराव आले होते. मागच्या वर्षी ते त्याच लॉजवर गेले होते, पत्ता त्यांनीच दिलेला. चहा पिता पिता म्हणाले, "वहिनी, जेवणासहच घ्या. आमची ही सहाच्या सहा दिवस शेडमधी स्टोव्हला पंप मारीत बसली. पॉइंट मी एकट्यानंच बघितले. अजून ऐकवून राहिली!"

झालं. माझं ठरलं. सकाळची शाळा असते तेव्हा मी पावणेसहाला घर सोडते. कनेरगाव नाक्याची एसटी चुकली की दिवस गेला. तेव्हा सकाळचं सगळं आत्याबाईंवर. माझा डबा, ह्यांचा डबा, आकांक्षाची वेणीसुद्धा. संध्याकाळी मी करते तर भाकऱ्यांना त्याच बसतात. चौदा वर्षं झाली. कुठंतरी ह्या बाईला सहा दिवस हात धुऊन बसता यावं की नाही?

आणि मलाही. लिहायला कसली लाज! मलाही बसून खायचंय.

१३ एप्रिल, रविवार

भांडण झालं.

शाळेच्या वह्या तपासत होते. बघते तर आत्याबाईंनी जुनी रेक्झिनची पिशवी काढून भरायला घेतलेली. गॅस आल्यापासून पडून असलेला स्टोव्ह, तवा, आमटीला लावायच्या येसराचा डबा, आणि काय काय. चेनसुद्धा लावून टाकली. अजून महिना आहे जायला!

मी म्हणाले, "आत्याबाई, आपण जेवणासह घेतोय."

"नको."

"काहून नको?"

"घरचं गोड लागतं. परक्याच्या हातचं लेकरू आजारी पडलं म्हंजे?"

मग माझा तोल गेला. म्हणाले, तुम्ही शेडमध्ये बसणार आणि आम्ही घोड्यावर बसून फोटो काढणार, लोक मला काय म्हणतील? म्हणाले, चौदा वर्षांत तुम्हाला आमच्याबरोबर जेवताना बघितलं नाही मी. आम्हाला वाढायचं, पातेली झाकायची आणि मग दाराकडं पाठ करून एकटीनंच बसायचं. कधीही विचारा, 'जेवले मी!' एकदा तरी ताटावर बसा. कुणीतरी तुम्हाला वाढू दे.

त्या खाली बघून म्हणाल्या, "मला न्हाई बसवत तसं, माय. चार दिस माझ्या हातचं खाऊन घ्या. तेवढं ऐक माझं."

मी ऐकलं नाही. चिकट आहेत! पैसे वाचवायचे, दुसरं काय. जन्मभर दुसऱ्याच्या रानात हळद काढून लेकाला शिकवलं, ते मान्य. पण आता लेकाला पगार आहे, सुनेला आहे. किती जपून ठेवायचं?

१४ एप्रिल

जयंती. आत्याबाईंनी पातेलंभर खीर केली, अख्ख्या गल्लीला वाटली. मिरवणुकीला मात्र आल्या नाहीत. "गुडघे," म्हणाल्या. दरवर्षी निळी साडी नेसून सगळ्यात पुढं असतात. आमचं बोलणं बंद आहे, म्हणून मीही विचारलं नाही.

१६ एप्रिल

पैसे भरले. चार माणसं, सहा दिवस, जेवणासह! हे आधी "तुमचं तुमी ठरवा" म्हणून बाजूला झाले होते. मग आकांक्षा आजीच्या गळ्यात पडून म्हणाली, "आजी, तू पण माझ्याशेजारी खुर्चीवर बसणार ना?" तिथं त्या हरल्या.

"बरं," एवढंच म्हणाल्या.

ह्यांनी ती पिशवी माळ्यावर टाकली. आतलं सामान काढून ठेवते म्हटलं, तर आत्याबाई म्हणाल्या, "राहू दे तशीच." रुसल्या आहेत. दोन दिवसांत निघेल रुसवा.

२ मे

मशीन काढून प्रवासाचे कपडे दुरुस्त केले. आत्याबाईंची पोलकी फारच ढगळ होतात, दोन्ही बाजूंनी दोन-दोन बोटं आत घेतली. उन्हाळ्यानं वाळल्यात. मी म्हणाले, "महाबळेश्वरला आयतं खाऊन अशा सुटाल की पुन्हा उसवावी लागतील!" हसल्या. बऱ्याच दिवसांनी हसल्या. बरं वाटलं.

११ मे, महाबळेश्वर

पोचलो. अंग आंबलं, पण काय गारवा! हिंगोलीत ह्या वेळेला पंखासुद्धा गरम वारा फेकतो. आकांक्षा उगाचच तोंडातून वाफ निघते का बघतेय.

मॅनेजरनं प्रत्येकाच्या नावाचं जेवणाचं कार्ड दिलं. जेवलं की तो त्याला भोक पाडतो. आत्याबाईंनी आपलं कार्ड उलटसुलट करून बघितलं. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली अक्षरं जुळवत वाचलं – भा-गू-बा-ई. मग ते पोलक्यात ठेवलं.

रात्री चौघं एका टेबलावर. मला इतका आनंद झाला! आयतं ताट, आयती पोळी, वाढणारा मागून विचारतोय, "आजी, भात आणू?" आत्याबाई पदर घट्ट लपेटून बसल्या होत्या. मी मुद्दाम त्यांच्याकडं बघत नव्हते, संकोच नको म्हणून. ताट तसंच राहिलं. प्रवासानं भूक मेली म्हणाल्या.

१२ मे

सकाळी नाश्त्याला फक्त चहा. दुपारी वरण-भात कालवला. एक घास, मग पाणी. पुन्हा घास, पुन्हा पाणी. तिसऱ्या घासाला डोळ्यांत पाणी.

मी चौदा वर्षांत पहिल्यांदा त्यांना जेवताना बघत होते.

ह्यांना ते दिसलं नाही. ह्यांना भरलेलं ताट दिसलं. म्हणाले, "आई, हट्ट किती करायचा माणसानं? पैसे भरलेत. ते परत नाही मिळत. आमच्यावर राग आहे तर तसं सांग, अन्नावर काहून काढायली?" शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघायला लागले. आत्याबाईंनी मोठा घास घेतला. लेकाच्या समाधानासाठी घेतला. आणि मग पदर तोंडाला लावून बाहेर धावल्या.

मी मागे गेले. शेडच्या आडोशाला ओकत होत्या. नुसतं पाणी आणि शितं. पाठीवरून हात फिरवला तर हाताला सगळी हाडं लागली. पोलक्यात मीच घातलेल्या टिपा हाताला लागल्या.

"कधीपासून?" विचारलं.

"उन्हाळा लागल्यापून. घास उतरत न्हाई माय. ताक पेते. कढी पेते."

"आणि भाकरी?"

"कुत्र्याला घालते. प्रेमाला नको सांगू. लेकराची सहल व्हू दे."

शेडमध्ये एक बाई स्टोव्हवर भाजी परतत होती. तिनं आमच्यासाठी पाण्याचा तांब्या आणून दिला.

१३ मे

परत निघालो. ह्यांनी पैशाचा विषयसुद्धा काढला नाही. मॅनेजरनं आपणहून वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या. आत्याबाईंच्या कार्डाला दोनच भोकं आहेत. हे पुण्यापर्यंत आईचा हात धरून बसले होते.

२० मे, नांदेड

अन्ननलिकेत गाठ. फार पुढं गेलीय, असं डॉक्टर इंग्रजीत बोलले. आत्याबाई खिडकीबाहेर बघत होत्या. त्यांना काही विचारावंसं वाटलं नाही, ह्याचं मला नवल वाटलं.

डॉक्टरांनी ह्यांना विचारलं, "रोज किती खातात? घट्ट खातात की पातळच? आधी किती खायच्या?"

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. ह्यांना भाकरीचा पापुद्रा कसा लागतो मला माहीत आहे. आकांक्षा कुठल्या भाजीला नाक मुरडते माहीत आहे. शाळेत कोणतं पोरगं उपाशी आलंय ते मी चेहऱ्यावरून ओळखते. पण एका घरात राहून ह्या बाईला किती भाकऱ्या लागायच्या – एक, दीड, दोन – मला सांगता येईना. मी मास्तरीण! डॉक्टरांनी पेन धरून ठेवलं होतं.

शेवटी आत्याबाईच म्हणाल्या, "दोन खात व्हते, साहेब. आन् उरली तर तिसरी."

११ जून

शाळा सुरू होतेय, पण बिनपगारी रजा टाकली. आत्याबाईंच्या पोटात नळी घातलीय. दर दोन तासांनी दूध, मुगाचं पाणी. मीच घालते. आता मला बराबर माहीत असतं त्यांच्या पोटात काय गेलं.

२९ जून, रविवार

आज त्या म्हणाल्या, "मला स्वयंपाकघरात नेऊन बसव." पाटावर बसवलं, मागे उशी लावली. मी भाकऱ्या थापल्या. त्या बघत होत्या. "जाड व्हायली," म्हणाल्या. हात पुढे केला, पिठाला लावला. थापायचं बळ नव्हतं. पीठ तसंच हाताला ठेवून बसल्या. मी धुतला नाही हात त्यांचा, बराच वेळ.

९ ऑगस्ट

काल दुपारी गेल्या. आकांक्षा शाळेत होती. हे उशाशी होते. मी मुगाचं पाणी गाळत होते.

१७ ऑगस्ट, रविवार

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. गल्ली लोटली होती. प्रत्येकजण त्यांच्या हातच्या खिरीचं सांगत होता. भांडी घासून झाल्यावर शेजारच्या अनुसयाबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. आत्याबाईंची जन्माची मैत्रीण. दोघी एकाच रानात राबलेल्या. बराच वेळ पायाचा अंगठा चोळत राहिल्या. मग म्हणाल्या, "तुला एक सांगू का, पोरी? मनात ठिवलं तर मला झोप यायची न्हाई."

जानेवारीतच आत्याबाईंना सरकारी दवाखान्यात नेलं होतं म्हणे त्यांनीच. दोघीच गेल्या होत्या, मी शाळेत, हे ऑफिसात. तिथल्या डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं – गाठ आहे, मुलाला घेऊन या, नांदेडला न्या. येताना वाटेत आत्याबाईंनी अनुसयाबाईंना आकांक्षाची शपथ घातली.

"मी लई भांडले तिच्यासंगं. मी म्हणलं, काहून लपिवती? तर म्हणली, मे मधी समदे फिराया चाललेत. एकडाव दवाखाना लागला की रांधणं सुटतंय, अनसे. फिराया गेलो की न शाळा, न हाफिस. समदे एका जागी. चार दिस लेकरायला तव्यावरची गरम भाकर वाढते, ते खाताना बघते पोटभर. मंग सांगते. मंग न्यायचं तिकडं नेऊ द्या."



तेवढं ऐक माझं, म्हणाल्या होत्या. मी ऐकलं नाही. मी त्यांना आराम दिला! खुर्ची दिली, टेबल दिलं, वाढणारा माणूस दिला. चूल हातातून काढून घेतली आणि वर पुन्हा उपकार केल्यासारखं सांगितलं, तुमच्यासाठीच भरलेत पैसे. हे रडले तेव्हा मी त्यांना धरलं होतं. आज मला कुणी धरू नये असं वाटतंय. मी त्यांचं शेवटचं मागणं मोडलं, आणि भांडून मोडलं.

ह्यांना सांगितलेलं नाही. सांगणार आहे.

१९ ऑगस्ट

दुपारी घरात कुणी नव्हतं. माळ्यावरून ती पिशवी काढली. स्टोव्ह, तवा, येसराचा डबा, स्टोव्हच्या पिनांचं नवं पाकीट, आणि जुन्या निळ्या साडीच्या फडक्यात गुंडाळलेल्या ताटल्या.

जाणार आम्ही चौघं होतो. ताटल्या तीनच आहेत.