कार्यवृत्तातले दोन घास

सोमवार, ३ फेब्रुवारी. सकाळी ६.१०

आजपासून संसदेचे अर्थसंकल्पीय अधिवेशन आणि आजपासूनच ही रोजनिशी. हेतू एकच, शिस्त.

दिवंगत पत्नीच्या निधनास काल पाच महिने पूर्ण झाले. शोकाचा कालावधी संपला आहे, तशी नोंद येथे घेत आहे. यापुढे त्या विषयाला फाटे फोडायचे नाहीत.

संकल्प. साडेपाचला उठणे. डबा स्वतः करून नेणे. कन्येचा फोन आल्यास 'मी ठीक आहे' हे वाक्य एकदाच, पण ठामपणे म्हणणे. दोनदा म्हटले की तिला संशय येतो.

सभागृहात प्रतिवेदक म्हणून माझे हे एकतिसावे वर्ष. माननीय सदस्य बोलतील तो प्रत्येक शब्द लघुलिपीत टिपायचा आणि पाच मिनिटांची पाळी संपली की वरच्या मजल्यावर जाऊन तो टंकलिखित करायचा. एकतीस वर्षांत एकही चूक नाही. मार्चअखेर मुख्य प्रतिवेदक निवृत्त होत आहेत. त्या पदासाठी दोनच नावे, मी आणि डावखुरे. (डाव्या हाताने लिहितात म्हणून विभागात हे नाव पडले. खरे नाव फक्त हजेरीपटाला ठाऊक.) माणूस मनाने चांगला, परंतु टेबलाच्या खणात खारे दाणे ठेवतो. खारट बोटांनी राष्ट्राचा इतिहास लिहिला जात नाही.

परिपत्रक क्रमांक एकचा मसुदा करावयास घेतला. विषय : खणातील खाद्यपदार्थ.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

डबा झाला नाही. शेगडी पेटली, भांडे सापडले, झाकण सापडले नाही. या घरातील झाकणे कोठे जातात याचा शोध रविवारी.

अर्थमंत्र्यांनी अर्थसंकल्प मांडला. एक तास बावन्न मिनिटे. शालेय आहाराची तरतूद तेवीस टक्क्यांनी कमी केल्याचे वाक्य माझ्याच पाळीत आले. अर्थमंत्र्यांनी ते खोकल्याच्या आडून म्हटले. मी ते खोकल्यासकट टिपले.

बुधवार, ५ फेब्रुवारी

अपेक्षेप्रमाणे रणकंदन. विरोधक रिकामी ताटे घेऊन आले आणि अध्यक्षांच्या आसनासमोर वाजवू लागले. सत्ताधारी बाकांवरून ताटे कोणाच्या पैशाची, अशी पृच्छा झाली. एका ज्येष्ठ सदस्यांच्या पायावर ताट पडले. त्यांनी उच्चारलेला शब्द मी नोंदवला नाही, कारण तो माईकवर नव्हता. माईकवर न आलेले कार्यवृत्तात येत नाही, हा आमच्या कामाचा पहिला नियम. अशा वेळी कंसात 'गोंधळ' एवढेच लिहायचे आणि पेन्सिल स्थिर ठेवायची. नवीन प्रतिवेदकांना मी नेहमी सांगतो, कान आत आणायचे, मन बाहेर खुंटीला टांगून यायचे.

१२.१० ची पाळी माझी. त्यानंतर डावखुऱ्यांची. त्याच सुमारास सभागृह तहकूब झाले. माझे काम चोख.

डबा आजही नव्हता. भूक नव्हती. कालही नव्हती. हे शिस्त अंगी मुरल्याचे लक्षण मानावे.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

अनर्थ. कालचे कार्यवृत्त छापून आले. तहकुबीपूर्वी अध्यक्षांच्या तोंडी पुढील विधान आहे :

'आधी दोन घास खाऊन घ्या, मग काय भांडायचं ते भांडा. रिकाम्या पोटी माणूस खरं बोलून जातो आणि मग पस्तावतो.'

सकाळी अकरालाच भडका उडाला. विरोधी पक्षनेते म्हणाले, ज्या दिवशी मुलांच्या ताटातला घास काढला त्याच्या दुसऱ्याच दिवशी अध्यक्ष घासाच्या गोष्टी करतात, ही भुकेची क्रूर थट्टा आहे. सत्ताधारी म्हणाले, थट्टा आमची आहे. रिकाम्या पोटी माणूस खरे बोलतो, म्हणजे पोट भरलेले आम्ही खोटे बोलतो, असेच ना. दोन्ही बाजूंनी एकाच विधानावर हक्कभंगाची सूचना दिली. हे माझ्या एकतीस वर्षांत प्रथमच घडले. सात सदस्यांनी ते वाक्य आपण स्वतःच्या कानांनी ऐकल्याचे बाहेर पत्रकारांना सांगितले. एकाने तर ते म्हणताना अध्यक्षांनी डोळा मिचकावल्याचेही सांगितले.

कामकाज दिवसभरासाठी तहकूब.

माझे मत. वाक्य स्वयंपाकघरातले आहे. सभागृहाच्या भाषेशी त्याचा सांधा जुळत नाही. तहकुबीपूर्वीचे शेवटचे वाक्य, म्हणजे डावखुऱ्यांच्या पाळीतले, हे उघड आहे. कोठे काय ऐकले आणि काय लिहिले, त्यांचे त्यांना ठाऊक. दाणे चावताना कानात आवाज होतो, हे मी पूर्वीच सांगितले होते.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

अध्यक्षांना आपण असे काही बोलल्याचे सकाळी नऊपर्यंत आठवत नव्हते. नऊ वाजता वृत्तपत्रे आली. एका अग्रलेखाने त्या वाक्याला 'या अधिवेशनातील एकमेव शहाणे वाक्य' म्हटले आहे. साडेनऊला अध्यक्षांना आठवले. अकरा वाजता त्यांनी आसनावरून सांगितले की आपली आजी असे म्हणत असे.

सत्ताधारी पक्ष मात्र ऐकेना. असे वाक्य झालेच नाही, ते लेखनिकांनी घुसडले, असा आरोप झाला. सचिवांनी पाळी कोणाची होती ते विचारले. मुख्य प्रतिवेदकांनी डावखुऱ्यांकडे पाहिले. डावखुरे माझ्याकडे पाहू लागले. मी तक्तपोशीकडे पाहिले.

मधल्या सुट्टीत त्यांना बाजूला घेऊन मोठ्या मनाने सल्ला दिला की चूक कबूल करावी, माणसाला हलके वाटते. ते म्हणाले, मला खरंच आठवत नाही हो, लिहिलंही असेल. केवढा हा ढिसाळपणा. मुख्य प्रतिवेदकपदाची वाट आता निष्कंटक आहे, तथापि त्याचा आनंद मानणे शोभणार नाही. परिपत्रकात एक परिच्छेद वाढवला.

रविवार, ९ फेब्रुवारी. दुपार

झाकणांचा शोध हाती घेतला. वरचे दोन कप्पे तपासले. खालचा उघडला नाही. तो तिच्या अखत्यारीतला.

कन्येचा फोन. तिने इकडचे तिकडचे न बोलता विचारले, "बाबा, अध्यक्षांना आईचं वाक्य कुणी सांगितलं?"

तिला सविस्तर समजावले. हे वाक्य कोणा एका व्यक्तीचे नव्हे. हजारो घरांत बोलले जाते. कन्येने शास्त्र शाखा सोडली त्या दिवशी तिची आणि माझी जी चर्चा झाली, तीत तिच्या आईने ते वापरले होते, हे मान्य. माझ्या धाकट्या भावाने वाटणीची गोष्ट काढली तेव्हाही, आणि मी भर पंगतीत व्याह्यांचे व्याकरण सुधारले तेव्हाही. परंतु चौतीस वर्षांच्या संसारात एखादे वाक्य पाच-पन्नास वेळा येणारच. त्यावरून स्वामित्व सिद्ध होत नाही. अध्यक्षांनाही आजी होती.

कन्या म्हणाली, "पस्तावतो हे तिचंच आहे, बाबा. बाकी लोक पहिल्या वाक्यावर थांबतात."

हा योगायोग असल्याचे सांगितले. तिने जेवलात का, असे विचारले. मी ठीक आहे, असे ठामपणे म्हणालो. नंतर पुन्हा एकदा म्हणालो. ती शनिवारी येते आहे. रजा वाया घालवू नकोस म्हटले, पण तोवर तिने फोन ठेवला होता.

सोमवार, १० फेब्रुवारी

सत्य बाहेर आलेच पाहिजे. सभागृहाच्या ध्वनिमुद्रणाची मूळ टेप सचिवांसमोर ऐकवावी, असा अर्ज मी स्वतः तीन प्रतींत दिला. त्यात माझ्या एकतीस वर्षांचा उल्लेख दोनदा केला आहे.

डावखुरे धावत आले. म्हणाले, "अहो, राहू द्या ना. अध्यक्ष म्हणतात मीच बोललो. पेपरवाले खूश. चार दिवसांत सगळे विसरतील. कशाला उकरून काढताय?"

अपराधी माणूस असाच बोलतो. ते माझ्याकडे फार मऊ नजरेने पाहत होते, तेही अपराध्याचेच लक्षण. मी म्हणालो की माझ्या विभागात, म्हणजे होऊ घातलेल्या माझ्या विभागात, झाकपाक चालणार नाही. त्यांनी खण उघडून मूठभर दाणे माझ्यापुढे ठेवले आणि गेले. लाच घेण्याचा प्रश्नच नव्हता. सर्व खाल्ले. केवळ पुरावा टेबलावर राहू नये म्हणून.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

सचिवांचे दालन. सकाळी दहा. उपस्थित : सचिव, मुख्य प्रतिवेदक, डावखुरे, ध्वनिमुद्रण कक्षाचे तंत्रज्ञ आणि मी. मी नवा सदरा घातला होता.

टेप लावली. ताटांचा आवाज. अध्यक्ष, शांत राहा. पुन्हा ताटे. अध्यक्ष, बसा, बसा. ज्येष्ठ सदस्यांचा तो शब्द, जो आता माईकवर असल्याचे आढळले. मग कामकाज तहकूब. तंत्रज्ञांनी वेळ सांगितली, १२.१४.

वाक्य नाही.

पुन्हा लावायला सांगितले. नाही. तिसऱ्यांदा आवाज वाढवून. ताटेच ताटे.

तहकुबी १२.१४ ला झाली, म्हणजे डावखुऱ्यांची पाळी सुरूच झाली नव्हती. हे माझ्या लक्षात सचिवांच्या आधी आले. सचिवांनी माझी लघुलिपीची वही मागवली. पान उघडले. कंसात गोंधळ, कंसात गोंधळ, आणि त्याखाली ते वाक्य. पूर्ण. पेन्सिल कोठेही अडखळलेली नाही. पानावरची सर्वांत सुबक ओळ तीच.

डावखुरे खाकरले. "साहेब, मधे माईक बंद असणार. मीही ऐकलं ते. पाळीसाठी म्हणून दारात येऊन उभाच होतो."

येथे मला हस्तक्षेप करणे भाग पडले. मी निदर्शनास आणले की नोंदवहीनुसार डावखुरे त्या वेळी वरच्या मजल्यावर आपली आधीची पाळी टंकित करीत होते आणि तहकुबीची घंटा झाल्यावर खाली आले, सबब त्यांचे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. नोंदवहीवर सही माझीच आहे.

डावखुऱ्यांनी कपाळाला हात लावला.

सचिवांनी चष्मा काढून ठेवला आणि विचारले, "मग तुम्हाला कसं ऐकू आलं?"

या प्रश्नाचे मुद्देसूद उत्तर देता आले असते. गोंगाट, थकवा, आसनव्यवस्था. मी म्हणालो, "ऐकू आलं."

सचिवांनी चहा मागवला. तो पिऊन होईपर्यंत सर्वांनी खिडकीबाहेर पाहिले.

बुधवार, १२ फेब्रुवारी

ते वाक्य सभागृहात उच्चारले गेले नव्हते, असे अध्यक्षांनी जाहीर केले. आजीचा उल्लेख झाला नाही. स्वतःच्या कानांनी ऐकणाऱ्या सातांपैकी सहा सदस्यांनी आपण तेव्हाच शंका घेतल्याचे सांगितले. डोळा मिचकावल्याचे पाहणारे आजारी आहेत. दोन्ही हक्कभंग मागे घेण्यात आले. एकमेकांचे आभार मानण्यात आले. त्या खेळीमेळीच्या वातावरणात शालेय आहाराची तेवीस टक्के कपात आवाजी मतदानाने चार मिनिटांत मंजूर झाली. ताटे कोणी आणली नव्हती.

माझी सेवा पाहता कारवाई नाही, फक्त समज. मुख्य प्रतिवेदकपदी डावखुरे. अभिनंदन करण्यास गेलो. परिपत्रकाचा मसुदा त्यांना उपयोगी पडेल म्हणून सोबत नेला. त्यांनी तो शांतपणे वाचला, घडी करून खणात ठेवला, आणि म्हणाले, "उद्यापासून माझ्याबरोबर जेवायचं. हा पहिला आदेश समजा."

आदेश तोंडी होता. तोंडी आदेश बंधनकारक नसतात.

गुरुवार, १३ फेब्रुवारी. सायंकाळी ७.००

अध्यक्षांचा लेखी हुकूम आला. ५ फेब्रुवारीच्या कार्यवृत्तातील सदर विधान कामकाजातून वगळावे. प्रथेप्रमाणे ते काम ज्याची पाळी त्याने करायचे असते. मूळ प्रतीत शब्द खोडून त्या जागी तारकाचिन्हे घालायची आणि समासात सही करायची. मी ते पट्टी लावून केले. एका शब्दाला एक तारा. एकोणीस झाले. पडताळून पाहिले, एकोणीसच.

वगळलेले शब्द अन्यत्र कोठेही उद्धृत करता येत नाहीत, असा नियम आहे. या रोजनिशीच्या मागील गुरुवारच्या पानावर ते संपूर्ण उद्धृत आहेत. खाजगी वही ही 'अन्यत्र' या संज्ञेत येते किंवा कसे, याबाबत नियमावलीत स्पष्टता नाही. उद्या सकाळी सचिवांना लेखी विचारणा करीन.

सायं. ७.२०

विचारणा करणार नाही.