माझ्या कोर्टात निकाल माझा

४ जून, सकाळी
नव्या नाटकासाठी फोन. न्यायाधीशाचं काम. दोन दिवस विचार करून कळवतो म्हणालो. फोन ठेवायच्या आत हो म्हणून टाकलं. दिग्दर्शक तरुण आहे, त्याला कशाला टेन्शनमध्ये ठेवा.

सिनेमात मी आजवर बहुतेक न्यायाधीशच झालो. शेवटच्या सीनला यायचं, हीरोला सोडायचं, हातोडा आपटायचा. लोक रस्त्यात थांबवतात, चेहरा पाहिल्यासारखा वाटतो म्हणतात. परवा एकाने विचारलं, तुम्ही आमच्या बँकेत होता ना. भूमिकेत विरघळणं म्हणतात ते हेच.

हे नाटक मात्र वेगळं. मुलाने भागीदाराचा खून केलाय आणि आईच त्याच्याविरुद्ध साक्ष देते. मी तीन अंक उंचावर बसून ऐकायचं आणि शेवटी फाशी सुनावायची. अख्खं नाटक माझ्या एका वाक्यावर उभं आहे. दिग्दर्शकाला हे अजून कळलेलं दिसत नाही.

६ जून
संकल्प: पहाटे आवाजाची मेहनत. चहा पूर्ण बंद. निकालाचं वाक्य पाठ करायचं नाही, आत रुजवायचं.

पहाटे आवाज लावला. खालच्या मजल्यावरचा शिंपी जिना चढून आला आणि कुणाला बरं नाही का, म्हणून विचारू लागला. आलाच आहे तर चहा. त्याला एकट्याला कसा पाजणार?

९ जून
संध्याकाळी पुढच्या खोलीत माझा अभिनयाचा क्लास. पूर्वी खुर्च्या कमी पडायच्या, आता खेळती हवा असते. दर्जा राखायचा म्हटलं की एवढं व्हायचंच.

सगळ्यात नियमित कोण, तर कुजबुज. विमा कंपनीत कारकून, पन्नाशीला टेकलेला. आवाज दुसऱ्या रांगेत पोचायच्या आत दम तोडतो, म्हणून मीच हे नाव ठेवलं. आवाज बेंबीतून काढ म्हणालो, तर म्हणे, सर, खरा न्यायाधीश ओरडतो का? त्याला समजावलं की खरं वेगळं आणि शेवटची रांग वेगळी. तुझं या क्षेत्रात काही व्हायचं नाही, हेही प्रेमाने सांगून टाकलं. तरी येतो. सध्या समोर बसून मला बाकीच्यांची वाक्यं वाचून दाखवतो. अडलो की माझं वाक्यही सांगतो. नाटक पाठ झालंय त्याला. कारकुनी स्मरणशक्ती, दुसरं काय.

२० जून
तालीम. मी आता नुसता बसत नाही, ऐकण्याचा अभिनय करतो. आई साक्ष देत असताना चष्मा पुसतो. ती रडू लागली की पाणी पितो, पण अर्ध्यावर ग्लास थांबवतो. दिग्दर्शक म्हणाला, सर, अशाने सगळे तुमच्याकडेच बघतील. मी थँक यू म्हणालो. त्याने तेच वाक्य पुन्हा हात जोडून म्हटलं. नम्र आहे पोरगा.

२७ जून
बायको म्हणते, निकालाचं वाक्य कागदावर लिहून समोरच्या फाइलीत ठेवा, न्यायाधीशापुढे फाइल असतेच. माझ्या उभ्या आयुष्यात असा अपमान झाला नव्हता. तर म्हणे, परवा दुधाची पिशवी कपड्यांच्या कपाटात कोणी ठेवली? मी भूमिकेत होतो. कलावंताच्या घरात दूध कुठेही सापडू शकतं.

नाटकाच्या पिशवीत तिने गुपचूप कागद सरकवला होता. मी काढून खिडकीत ठेवला. वर कुंडी ठेवली, उडू नये म्हणून. संसार आहे शेवटी.

३ जुलै
काल शुभारंभ. हाउसफुल्ल. घडलं ते शांतपणे लिहितो.

तिसऱ्या अंकापर्यंत उत्तम. आईची साक्ष संपली, थिएटर चिडीचूप. मी चष्मा काढला. आरोपीकडे पाहिलं. तो माझ्याकडे पाहत होता. सगळेच पाहत होते. आणि डोक्यात पांढरं. एक शब्द नाही. एवढा मोठा पॉज मी जन्मात घेतला नव्हता. मग तोंड आपसूक उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली. पुराव्याअभावी आरोपीची निर्दोष मुक्तता. आणि हातोडा.

आईने ठरल्याप्रमाणे हंबरडा फोडला. सरकारी वकील ऐनवेळी काय बोलावं न सुचून मला नमस्कार करून खाली बसला. हवालदाराने निर्दोष सुटलेल्या माणसाला बेड्या घातल्या आणि पुढच्या प्रवेशात तो फाशीच्या कोठडीत होता. तिथे लोक हसले. आईने गजांतून हात घातला तेव्हा तर फारच हसले. ही चूक सरळ दिग्दर्शकाची. मी निकाल फिरवला होता, त्याने कोठडी काढायला नको?

बायकोबरोबर घरी आलो. माझी पिशवी तिनेच धरली होती.

४ जुलै
दिग्दर्शक घरी आला. त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि ठणकावून सांगितलं, खुर्चीवर मी बसलोय तर कोर्ट माझं आणि निकालही माझा. उलट आईच्या मायेला न्याय मिळाला. त्याने वर पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाला, सर, तुम्ही विश्रांती घ्या.

कोणी मागितली होती?

७ जुलै
न्यायाधीशाचं काम कुजबुजला. नाटक पाठ असलेला दुसरा माणूसच गावात नाही म्हणे. सरळ माझ्या पुढच्या खोलीतून उचलला.

संध्याकाळी तो आला. चप्पल घालूनच दारात उभा. सर, तुम्ही नको म्हणाल तर मी जाणार नाही, म्हणाला. मला नको म्हणायचं होतं. पण आतून बायकोने मोठ्याने सांगितलं, त्याला बसवा, चहा टाकलाय. मग मी जा म्हणालो. गुरूचं मन मोठं असावं लागतं. जेवण गेलं नाही, पण ते उकाड्यामुळे.

१२ जुलै
पाहिलं. विंगेतून. त्याने चष्मा पुसला नाही, पाणी प्यायला नाही, नुसता बसला. निकाल इतक्या हळू दिला की पार मागे बसलेले लोकही पुढे झुकले. त्यानंतर टाळीच नाही. कितीतरी वेळ कुणी खोकलंसुद्धा नाही. ऐकूच गेलं नसणार. समोरच्या बाईने डोळे पुसले. एसीचा त्रास होतो काहींना.

१४ जुलै
अखेर शहाणपण सुचलं त्यांना. पहिल्या अंकात खून झालेला भागीदार चादरीखाली पडलेला असतो, ते काम मला दिलंय. सर नाटकात असतील तरच मी करीन, असं कुजबुज अडून बसला म्हणे. माझ्याशिवाय घाबरतो बिचारा.

वाक्य नाही. वाक्य म्हणजे कुबडी. चेहरा दिसावा असा आग्रह धरला, दिग्दर्शक नाही म्हणाला. हात बाहेर लोंबू दे म्हटलं, तेही नाही. फक्त बूट दिसतील. बरं. बुटांत प्राण ओततो. डावा किंचित तिरका ठेवायचा, त्यातून अपुरी राहिलेली स्वप्नं.

२ ऑगस्ट
प्रयोग जोरात. माझा डावा बूट रोज प्रगल्भ होतोय. हवालदार म्हणतो, पंचनामा चालू असताना पाय हलवू नका. त्याला सांगितलं की मृत्यू ही क्रिया आहे, स्थिती नव्हे.

१६ ऑगस्ट
आज बायको आणि लेक प्रयोगाला आल्या होत्या. लेक परगावी नोकरीला, माझं काम बघून तिला वर्षं झाली होती. क्लासची मुलंही होती. पडदा उघडायच्या आधी मी मुलांना बाहेर चहाच्या टपरीपाशी नेऊन निःशब्द अभिनय समजावत होतो. तिसरी घंटा ऐकली. घाई केली नाही. प्रेताशिवाय खुनाचं नाटक सुरू कसं करतील?

केलं. विंगेत पोचलो तेव्हा पंचनामा चालू होता. चादरीखाली मेकअप रूममधले दोन लोड आणि पुढे माझे नाटकातले बूट. डावा सरळ.

घरी बायको म्हणाली, आज फार छान पडला होतात, जरासुद्धा हलला नाहीत. लेक म्हणाली, बाबा, आज पहिल्यांदा वाटलं की तुम्ही काही करून दाखवत नाही आहात, मला तर भरूनच आलं. तिचे डोळे खरंच ओले होते. लहानपणी मी सिनेमात हीरोला सोडायचो तेव्हा टाळ्या वाजवायची.

मी थँक यू म्हणालो.

मग नाटकाच्या मॅनेजरचा फोन. उद्या दुपारचा प्रयोग आहे, आलात तर या, नाही तर अडणार नाही.

जाणार. पडदा उघडायच्या कितीतरी आधी जाऊन चादर ओढून घेणार. बघू मला कोण उठवतं.