घरातला आवाज

कल्याण पूर्व,
४ ऑगस्ट २०२५

चि. रचना हिस,
शिवरामकाकाचा सप्रेम जय भीम.

तुमच्या केंद्रातलं यंत्र पोहोचलं. टाइप केलं की बोलतं, तेही माझ्या घशाच्या ऑपरेशनआधीच्या आवाजात! चार विद्यापीठं मिळून केंद्र चालवतात आणि चहा एकालाही जमत नाही, असं मी रेकॉर्डिंगच्या दिवशी म्हणालो होतो. शब्द मागे घेतो.

पण पोरी, तुझी काकू मला ओळखत नाही गं. या विसरण्याच्या आजारात माझा चेहरा तिला कधीचाच परका झालाय. आवाज होता तोवर निदान आवाजावरून ओळखायची. काल यंत्रातून जेवायला बोलावलं, तर उठून पांढरी साडी नेसली आणि जयंतीचा कार्यक्रम सुरू झाला, निघायला हवं म्हणाली. मला फार एकटं वाटतं. काही करता येईल का, बघ.

तुझा,
शिवरामकाका

बाळकुम, ठाणे,
११ ऑगस्ट २०२५

ती. काकांस,
रचनाचा सविनय जय भीम.

पत्र वाचून रडू आलं. मग तुमचं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं आणि हसूही आलं. अहो, माइक दिसला आणि तुम्ही थेट सूत्रसंचालनच सुरू केलंत! सगळी वाक्यं जयंतीच्या मंचावरची. यंत्र बिचारं तेच शिकलं. तुमचा साधा आवाज शोधायला आपल्या राजरत्नदादाच्या लग्नाचा व्हिडिओही लावला, पण त्यात बँडपुढे तुमचा आवाज ऐकू येत नाही.

अगदी शेवटी मात्र, माइक बंद व्हायच्या आधी, तुम्ही बाहेर बसलेल्या काकूला हाक मारलीत: रमे, बस गं, आलोच मी. घरातला आवाज एवढाच सापडला. तेवढ्यावरून यंत्राला नवीन बोलायला शिकवता येत नाही, म्हणून ते वाक्य जसंच्या तसं इथूनच तुमच्या यंत्राच्या हिरव्या बटणावर घातलंय. यापेक्षा जास्त जमलं नाही, काका. माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
रचना

कल्याण पूर्व,
२० ऑगस्ट २०२५

चि. रचना हिस,
सप्रेम जय भीम.

बटण दाबलं. काकूने झटकन मान वर केली. हो हो, बसते, लवकर या, म्हणाली आणि हसली. किती महिन्यांनी हसली! मी समोरच उभा होतो. तर मला म्हणाली, दादा, दारातून जरा बाजूला व्हा, आमचे हे यायचेत.

तेव्हापासून रोज दाराशी खुर्ची टाकून बसते. हे आल्याशिवाय जेवणार नाही म्हणते. कशीबशी चार घास खाते.

बटण काढून टाक, असं लिहायला बसलो होतो. पण नको काढूस. ते दाबलं की तेवढ्यापुरतं का होईना, ती माझ्याशी बोलते. संध्याकाळी मीही तिच्याशेजारी खुर्ची टाकतो आणि आम्ही दोघं मिळून माझी वाट बघतो.

सवड काढून ये. आमच्यावरची माया अशीच राहू दे.

तुझा,
शिवरामकाका