बीगरांचं कुलूप

मल्लेश्वरम, रविवार संध्याकाळ, १९६१

आज आमच्या कुलपं उघडण्याच्या छंदाच्या बैठकीला नवा माणूस आला, श्रीनिवास. मागच्या गल्लीत नुकताच राहायला आलाय. नवख्यांना माझा एकच नियम: कुलूप स्वतःचं हवं, नाहीतर मालकाची परवानगी हवी. त्यानं पितळी कुलूप आणलं होतं, अगदी आमच्या दारावरच्याचं जुळं भावंड. कुणाचं, विचारलं तर म्हणाला, "बीगरांचं, अण्णा. किल्ली हरवली म्हणून दिलंय."

कन्नडात बीग म्हणजे कुलूप आणि बीगर म्हणजे व्याही. "बीगरांचं बीग!" म्हणून आम्ही सगळे हसलो, आणि त्या हसण्यात मी पुढचं काही विचारलंच नाही. एका तारेनं ताण धरायचा, दुसरीनं आतल्या पट्ट्या चाचपायच्या, सगळं दाखवलं. गडी हुशार. स्वल्प वेळात कुलूप उघडलं, पण चेहऱ्यावर आनंद नाही. उलट विचारतो, "असंच परत लावता येतं का अण्णा? कुणाला कळू नये असं?"

तेही शिकवलं. का शिकवलं मी?

आत्ता जेवताना हिला बीगरांचा विनोद सांगितला. ही हसली नाही. "अहो, तो तर एकटा जीव. लग्नच झालेलं नाही, मग व्याही कुठून आले?"

तेव्हापासून ते पितळी कुलूप डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या दारावरच्याचं जुळं. निघताना त्यानं पुढची बैठक कधी, असं विचारलं होतं. तेव्हा मीच सांगितलं, येत्या रविवारी नाही, घर बंद करून आम्ही सगळे आनेकलला लग्नाला चाललोय.