पराटीची काडी अन् माझी खिचडी

२ फेब्रुवारी, सोमवार
अन् मास्तरच गप बसणार असन, तं त्याले आणलं कायले? नवा सौमित्र सर अमरावतीहून आला काय, शाळेची वाट लावून राहिला काय. सातवीच्या पोराईले गोल बसवते. मधात पराटीची, म्हंजे वाळल्या कपाशीची, एक काडी. ज्याच्या हातात काडी त्यानं बोलाचं, बाकीच्याईनं ऐकाचं. सर मांगं भिंतीले टेकून. म्हणे डिस्कशन. टॉपिकही पोरंच ठरवतात. अकरा वर्षं झाली मले या शाळेत खिचडी शिजवून, असा आळशी मास्तर नाही पायला. मी चौथी शिकली. मास्तर बोलला, आमी ऐकलं. काही बिघडलं?

३ फेब्रुवारी, मंगळवार
ठरवलं. आठ दिवसात हे बंद करते.
मदतनीस केशरबाई म्हणे, चतुराबाई, आपल्याले काय करा लागते? भित्री आहे.
खिचडीची चव पायाची आज सरचीच पाळी होती. तोंडावर सांगतलं, लेकरं गप ठेवाची असतीन तं माझ्यापासून शिक. पन्नास लेकरं जेवतात, आवाज नाही. कोणी तोंड उघडलं का मी उलथणं दाखवते. म्हणते, गप जेव. पहिलीतल्या बंडूच्या डोळ्यात तं खाता खाता पाणी येते, इतकी आवडते त्याले. सर नाक पुसत म्हणे, छान आहे मावशी. मग नळावर गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार
वर्गात जाऊन बसली. कंट्रोल पाह्यजे. काडी फिरे, पण एक जण बोलन तं शपथ. सरले म्हटलं, पायलं? आपल्या इकडची लेकरं बोलत नसतात. मग काडी मीच घेतली अन् घंटीपर्यंत बोलली. डिस्कशन चांगलं झालं.
माझी लेक प्रणाली खाली मान घालून बसली होती. घरीही तिच्या तोंडातून शब्द निघत नाही. साधी पोरगी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
सर म्हणे, मुलांनी नियम केला, मोठ्या माणसानं काडी धरायची नाही. म्हंजे लेकरं मले भ्याली.
अर्धं पातेलं उरलं. पोराईचं पोट बोलूनच भरून राहिलं. सोमवारपासून घरचं तिखट दोन मुठी जास्त. सरकारी तिखटाले दम नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
चार मुठी टाकलं. लेकरं पाणीच पाणी पेली. पचनाले चांगलं. पातेलं उरलंच. केशरबाई म्हणे, तिखट होत असन. म्हटलं, तुझ्या अचलपूरले माणसं दूधभात खातात, तुले काय समजते.
१६ तारखेले शाळेच्या कमिटीची मीटिंग. पुढच्या वर्षी खिचडी कोण शिजवन ते तिथंच ठरते. मले कायची काळजी. उलट सरची तक्रार तिथंच करते. लेकरं माझ्याच बाजूनं बोलतीन.

१० फेब्रुवारी, मंगळवार
खिडकीखाली उभी राहून ऐकलं. टॉपिक: खिचडी काहून उरते. म्हटलं, आता सर फसला.
लीडर माझी प्रणाली. असा खणखणीत आवाज तिले कधी आला कोणजाणे. बंडूले पहिलीतून बोलावलं होतं. तो म्हणे, तोंड भाजते, रडू येते. योगेश म्हणे, मी पाण्यानं धुऊन खातो. एक जण म्हणे, मावशी बदला, कमिटीले सांगू. प्रणाली म्हणे, बदलाची नाही, तिलेच सांगाचं. कोण सांगन, इचारल्यावर काडी गरगर फिरली. कोणी हातात ठेवे ना.

११ फेब्रुवारी, बुधवार
आज घरचं तिखट विसरली. मुद्दाम नाही. पातेलं खरडून रिकामं. थंडीनं भूक लागते.
संध्याकाळी प्रणालीनं ताटाजवळ चिठ्ठी ठेवली अन् आंगणात पळाली. सगळ्याईच्या सह्या. बंडूनं नुसता 'बं' काढला, तोही उलटा. चिठ्ठीत होतं, तिखट कमी करता का नाही, शनिवारपर्यंत सांगा, कमी केलं तं कमिटीले काही सांगत नाही.
तीनदा वाचली. ताट सरकवून पेन घेतला.
त्याच चिठ्ठीच्या मांगं लिहून देऊन राहिली. तिखटाचं मी पायते. पण अकरा वर्षात मले एकानंही तोंडानं काहून नाही सांगतलं? मलेही शनिवारपर्यंत उत्तर पाह्यजे. अन् गप बसलेलं चालणार नाही.